छोटी लालसरी आणि शेंडी बदक

छोटी लालसरी (आयथिया फेरिना) आणि शेंडी बदक (आयथिया फुलिगुला) ही दोन्ही पाण्यात बुडी मारून खाणारी रानबदकं. दोन्ही एकाच वंशातली, दोन्हींना शास्त्रीय नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं 1758 सालीच दिलेलं, आणि दोन्ही युरोप-आशियाच्या उत्तर भागात अंडी घालून थंडीला आपल्याकडं भारतात येतात. बेळगाव भागात यांना शोधायचं तर घटप्रभेवरचं हिडकल, सौंदत्तीजवळचं मलप्रभेचं नविलुतीर्थ धरण, राकसकोप अशी मोठी उघडी पाणी बघायची, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. यल्लम्माच्या मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर, निपाणीकडनं गाड्या भरून लोक सौंदत्तीला जातात तो ऐन हंगाम, दुर्बीण सोबत असली तर धरणावर तासभर थांबावंच.

काठाला शेपूट वर करून चिखलात चरणारी हळदीकुंकू बदकं, थापट्या, तलवार बदकं ही वेगळी मंडळी. लालसरी आणि शेंडी बदक अख्खं पाण्याखाली जातं आणि पंधरा-वीस सेकंदांनी थोडं पलीकडंच वर येतं. पाय अंगाच्या बरेच मागं असतात, त्यामुळं बुडीला जोर मिळतो पण जमिनीवर चाल अवघडलेली, आणि उडताना हळदीकुंकवासारखं जागेवरून सरळ वर उठता येत नाही, पाण्यावर पाय आपटत लांबवर धावावं लागतं.

नर ओळखायला काही कठीण नाहीत. लालसरीच्या नराचं डोकं विटकरी लाल, छाती काळी, पाठ राखाडी, डोळा लाल. शेंडी बदकाचा नर काळाभोर, कुशीला पांढराशुभ्र पट्टा, डोळा पिवळाधमक आणि डोक्यामागं लोंबणारी शेंडी.

खरी अडचण माद्यांची. दोन्ही तपकिरी, आणि लांबून ऊन समोर असलं की रंग बघून काहीच कळत नाही, म्हणून रंग सोडा आणि डोक्याचा आकार बघा. लालसरीचं कपाळ उतरतं, ते तसंच लांब चोचीत मिसळत जातं, घसरगुंडीसारखं. शेंडी बदकाचं कपाळ उभं, डोकं गोल, चोच आखूड आणि रुंद, मादीलाही मागं बारीकशी शेंडी असते. जवळून दिसली तर डोळा बघायचा, शेंडी बदकाच्या मादीचा पिवळा, लालसरीच्या मादीचा गडद तपकिरी आणि त्याच्यामागं एक फिकट रेघ. लालसरीच्या मादीची पाठ राखाडीकडं झुकते, दुसरी सगळी चॉकलेटी. काही शेंडी माद्यांच्या चोचीच्या बुडाशी पांढरं असतं, तेवढ्यावरून तिसरीच कुठली जात आहे असं ठरवू नये. आणि उडाली की तर प्रश्नच मिटला, शेंडी बदकाच्या पंखावर ठळक पांढरी पट्टी आणि लालसरीच्या पंखावर नुसती राखाडी.

खाण्यातही फरक आहे. लालसरी पाणवनस्पतींची मुळं, बिया, कोंब जास्त खाते, सोबत किडे आणि गोगलगायीही चालतात. शेंडी बदकाचा भर शिंपल्या-गोगलगायींवर, आणि ते सहसा लालसरीपेक्षा जास्त खोल जातं. म्हणून एकाच पाण्यावर दोघं शेजारी शेजारी राहू शकतात. दोन्ही बऱ्यापैकी रात्री खातात, त्यामुळं दुपारी बघाल तर मधल्या पाण्यात थवाच्या थवा चोच पाठीत खुपसून झोपलेला, अशा वेळी डोकं दिसत नाही, मग नरांसाठी कुशीचा पांढरा पट्टा आणि राखाडी पाठ हेच धरून चालायचं.

शेंडी बदकाची जगभरातली संख्या अजून चिंतेची नाही. लालसरी मात्र 2015 पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत असुरक्षित आहे, पाणथळी आटणं, शिकार, अंडी घालायच्या जागा बिघडणं ही कारणं. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, पण पाण्यात उभी सोडलेली मासेमारीची जाळी बुडी मारणाऱ्या पक्ष्याला दिसत नाहीत, त्यात अडकला की तो गुदमरून मरतो.

लालसरीचे नर थंडीत जास्त करून उत्तरेकडंच थांबतात आणि माद्या आणखी दक्षिणेला उतरतात हे युरोपात चांगलं नोंदलेलं आहे. म्हणून जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला बसाल तेव्हा ‘लालसरीसारखी बदकं’ असं मोघम लिहू नका, जात कोणती आणि त्यात नर किती, माद्या किती, हे वेगवेगळं लिहा.