तेंडुलकर, विजय धोंडोपंत

(६ जानेवारी १९२८ – १९ मे २००८). मराठी नाटककार आणि मराठी-हिंदी चित्रपटांचे पटकथाकार. जन्म कोल्हापूरचा. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली, ती कायमची. पुढचे शिकणे वाचनातून आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून झाले. ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ या दैनिकांत त्यांनी उमेदीची वर्षे काढली.

‘श्रीमंत’पासून नाटककार म्हणून त्यांची दखल घेतली जाऊ लागली. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने रंगभूमीवर आणलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) आणि १९७२ मधली ‘सखाराम बाइंडर’ व ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके बरीच गाजली, तितकीच वादातही सापडली. ‘सखाराम’ला न्यायालयाची पायरी चढावी लागली. वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे त्यांचा संवाद. पल्लेदार वाक्यांना सरावलेल्या मराठी रंगभूमीवर त्यांनी अर्धी तुटलेली वाक्ये आणली. त्यांची पात्रे बोलता बोलता थांबतात आणि जे बोलायचे नाही ते त्या थांबण्यातून बाहेर पडते.

चित्रपटाची वाट नाटकातूनच निघाली. ‘शांतता!’वरचा चित्रपट सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये केला. त्याचे छायाचित्रण गोविंद निहलानींचे होते. पुढे श्याम बेनेगल यांच्यासाठी तेंडुलकरांनी ‘निशांत’ (१९७५) आणि गुजरातच्या दूधउत्पादकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला ‘मंथन’ (१९७६) लिहिला. ‘मंथन’ला पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की मराठीत संवादाचा कायापालट करणाऱ्या या लेखकाच्या हिंदी पटकथांचे संवाद दुसऱ्यांचे आहेत: ‘निशांत’चे दुबे यांचे, ‘मंथन’चे कैफी आझमींचे, ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे. म्हणजे हिंदीत तेंडुलकरांच्या हाती शब्द नव्हते. उरली ती प्रसंगांची बांधणी, माणसामाणसांतली सत्तेची ओढाताण आणि मौन.

त्या मौनाचा कस ‘आक्रोश’मध्ये (१९८०) लागला. दिग्दर्शक निहलानी. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू आपल्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. ओम पुरींची ही भूमिका जवळजवळ निःशब्द आहे, आणि ती निःशब्दता फोडतो तो शेवटचा टाहो. तेंडुलकरांच्या पटकथांत ही सर्वांत धाडसी, असे म्हणायला हरकत नाही. एस. डी. पानवलकरांच्या कथेवरून लिहिलेल्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) हिंसा पोलिसाच्या वर्दीत येते. या दोन्ही पटकथांना फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. हिंसाचार हा विषय त्यांनी नुसता कल्पनेने हाताळला नव्हता. सत्तरच्या दशकात नेहरू पाठ्यवृत्ती घेऊन त्यांनी त्याचा देशभर हिंडून अभ्यास केला होता.

मराठीत मात्र शब्दही त्यांचेच राहिले. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’तील ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न बोलीभाषेत शिरला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून त्यांनी ‘सिंहासन’ (१९७९), तर शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून ‘उंबरठा’ (१९८२) लिहिला. केतन मेहतांचा ‘सरदार’ (१९९३) ही उत्तरकाळातली पटकथा.

१९८४ मध्ये पद्मभूषण. ‘कन्यादान’ या नाटकासाठी सरस्वती सन्मान. २००४ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी थेट इंग्रजीत ‘हिज फिफ्थ वुमन’ हे नाटक लिहिले. त्यात सखाराम बाइंडर पुन्हा उभा राहिला. पुण्यात त्यांचे निधन झाले.