गाठ हाताला लागतेय, मग परत सोनोग्राफी कशाला?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पहिल्यांदा पोटातलं बाळच येतं. मावसबहिणीचा फोन आला तोही त्याच सुरात. तिच्या सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ऑपरेशनची तारीख ठरलीय आणि सर्जन म्हणतात ऑपरेशनच्या आधी मी स्वतः एकदा सोनोग्राफी करणार. "अरे दादा, गाठ हाताला लागतेय, मॅमोग्राम झालाय, बायोप्सी झालीय, आता अजून काय बघायचं राहिलंय यांना?" (मॅमोग्राम म्हणजे स्तनाचा एक्स-रे, बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी.) मी म्हटलं, अगं बघायचं नाहीये, मोजायचंय. आणि मग ते मोजणं म्हणजे काय हे सांगता सांगता अर्धा तास गेला, म्हणून शेवटी लिहूनच काढतोय. मी डॉक्टर नाही, फिजिक्स शिकवतो, त्यामुळे लेख कुठे घसरणार ते तुम्हाला कळलंच असेल.

आधी इतिहास, पटकन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड यांनी जे ऑपरेशन रूढ केलं त्यात अख्खा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) असं सगळं काढायचे, आणि पाऊणशे वर्षं तेच चालत राहिलं. 1970 च्या दशकात इटलीत उम्बर्टो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा गटांत बायका वाटून मोठ्या चाचण्या केल्या, काहींचा अख्खा स्तन काढायचा आणि काहींचा फक्त गाठ असलेला भाग. 20 वर्षांचा हिशोब 2002 मध्ये आला. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच! फक्त एक अट आहे, नुसती गाठ काढली तर नंतर सहसा रेडिएशन लागतं. फिशर यांच्या चाचणीत रेडिएशन न दिलेल्यांपैकी 39 टक्के बायकांना त्याच स्तनात कॅन्सर परत आला, रेडिएशन दिलेल्यांमध्ये 14 टक्के. (आणि हो, "गाठीला सुरी लागली की कॅन्सर पसरतो" हे अजूनही छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. त्या नादात बायका महिनोन्‌महिने बायोप्सी टाळतात, गाठ मात्र त्या काळात आपलं काम करतच असते.)

आता गाठ काढायची म्हणजे भोवतीच्या चांगल्या भागाचं थोडं वेष्टण घेऊन काढायची. त्या वेष्टणाला मार्जिन म्हणतात. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतो की कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्यात का. टेकल्या असतील तर बऱ्याचदा दुसरं ऑपरेशन. मग कुणीही म्हणेल की सरळ चांगला दोन-दोन सेंटीमीटर जास्त काढा की! इथे घनफळ आडवं येतं. 2 सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ म्हणजे जेमतेम 4 सीसी. चहूबाजूंनी 1 सेंटीमीटर मार्जिन घेतलं की व्यास 4 झाला आणि घनफळ साधारण 34 सीसी, म्हणजे आठपट. आणखी फक्त अर्धा सेंटीमीटर वाढवा, 65 सीसी. सर्जनच्या हाताला अर्धा सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही, पण त्या बाईच्या स्तनातून जवळपास दुप्पट ऐवज गेला, आणि मग खड्डा पडतो, आकार बिघडतो, ज्यासाठी स्तन वाचवला तेच हुकतं. शिवाय जास्त काढल्याने फायदाही नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर सर्जन आणि रेडिएशनवाल्यांच्या संघटनांनी मिळून सांगितलं की पसरणाऱ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये शाईला गाठ टेकलेली नसली की पुरे.

म्हणजे मामला मिलिमीटरचा आहे. आणि बोटं मिलिमीटर मोजत नाहीत. गाठीवर चरबीचा थर असतो, भोवतीची ग्रंथीची ऊती स्वतःच टणक असते, बायोप्सीमुळे आत रक्त साकळलेलं असतं, हाताला सगळं एकच लागतं. गाठीची वरची बाजू तरी कळते, खालची बाजू छातीच्या स्नायूपासून किती लांब आहे हे बोटांना कुठून कळणार?

आता माझा आवडता भाग. सोनोग्राफीत अंगावर जो दांडा फिरवतात त्या प्रोबमध्ये असे स्फटिक बसवलेले असतात की त्यांना विजेचा झटका दिला की ते थरथरतात आणि उलट त्यांना थरथरवलं की वीज देतात. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये हा गुण शोधला (हो, मेरी क्युरींचे ते पिएर). म्हणजे तोंड आणि कान एकच. आपल्याला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, स्तनाच्या सोनोग्राफीत आवाज असतो साधारण 1 कोटी हर्ट्झ आणि त्याच्याही वरचा. एवढा वरचा का, तर लहर जितकी आखूड तितकं बारीक दिसतं. 12 मेगाहर्ट्झला (म्हणजे 1 कोटी 20 लाख हर्ट्झ) लहरीची लांबी होते 0.13 मिलिमीटर. पण अशी लहर शरीरात फार खोल जात नाही, लवकर विरते, म्हणून पोटाला खालचा आवाज वापरतात आणि स्तन उथळ असल्यामुळे तिथे हा वरचा परवडतो.

लहर आत जाते आणि जिथे पदार्थ बदलतो तिथे तिचा थोडा भाग परत फिरतो. किती, ते ठरतं घनता आणि आवाजाचा वेग यांच्या गुणाकारावरून. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर हा गुणाकार थोडाच वेगळा आहे, त्यामुळे जेमतेम एक टक्का ऊर्जा परत येते, बाकीची पुढे जाते, आणि म्हणूनच पुढचंही दिसतं. कातडी आणि हवा यांच्यात मात्र फरक इतका प्रचंड की 99.9 टक्के तिथूनच परत. त्या गार चिकट जेलचं काम एवढंच, मधली हवा घालवणं. पाण्याची साधी गाठ असेल तर आत प्रतिध्वनी नाही, ती काळी कुळकुळीत दिसते आणि तिच्या मागचा भाग उलट जास्त उजळ दिसतो, कारण पाण्यात लहर फारशी विरलीच नाही. कॅन्सरची गाठ काळपट, कडा खडबडीत, आणि बऱ्याचदा तिच्या मागे सावली, कारण तिच्यातल्या तंतूंनी लहर खाऊन टाकलेली असते.

खोली कशी कळते? वेळेवरून. 2 सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला 26 मायक्रोसेकंद. मशीनला अंतर माहीत नसतं, त्याला फक्त वेळ कळते, आणि ते डोळे झाकून असं धरून चालतं की शरीरात आवाजाचा वेग सगळीकडे सेकंदाला 1540 मीटर आहे. पण चरबीत तो असतो 1450 च्या आसपास! म्हणजे मधे सगळी चरबीच असेल तर प्रतिध्वनी उशिरा येणार, मशीन म्हणणार गाठ जास्त खोल आहे, आणि 20 मिलिमीटरवरची गोष्ट 21.2 मिलिमीटरवर दाखवणार. दीडेक मिलिमीटरच्या आतली चूक, चालून जाते. त्याहून मोठी चूक करतो तो माणसाचा हात, प्रोब जोरात दाबला की मऊ स्तन चेपतो आणि 20 चे 12 होतात. म्हणून मोजताना हात हलका ठेवायचा.

आणि खरी गंमत झोपण्याच्या पद्धतीत आहे. स्तनाचा एमआरआय पालथं झोपवून, स्तन खाली लोंबते ठेवून काढतात. मॅमोग्राम दोन पट्ट्यांमध्ये दाबून. ऑपरेशन मात्र उताणं झोपवून, हात बाजूला पसरून. स्तन काही लाकडाचा ठोकळा नाही, एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत गाठ कित्येक सेंटीमीटर सरकू शकते. सोनोग्राफी एकच अशी आहे की जी सर्जन नेमक्या त्याच स्थितीत, त्याच टेबलावर करू शकतो. रिपोर्टमध्ये स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी धरलेली असते, "डावा स्तन, 2 वाजता, निप्पलपासून 5 सेंटीमीटर", त्यावरून जागा शोधायची, कातडीवर पेनने गाठीची हद्द काढायची, वर कातडीपासून किती नि खाली स्नायूपासून किती ते मोजायचं आणि मग छेद कुठून घ्यायचा ते ठरवायचं. कापल्यावरही निर्जंतुक पिशवीत घातलेला प्रोब परत लावता येतो, फक्त जखमेत हवा शिरली की चित्र जातं, मग सलाईन ओतायचं (तीच वरची 99.9 टक्क्यांची भानगड).

फरक पडतो का? नेदरलँड्समधली कोबाल्ट नावाची चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती मुद्दाम हाताला लागणाऱ्या गाठींवरच केलेली होती. नुसत्या हाताने चाचपून ऑपरेशन झालेल्या 69 पैकी 12 जणींच्या मार्जिनमध्ये कॅन्सर राहिला, सोनोग्राफी लावून झालेल्या 65 पैकी फक्त 2. वर काढलेला ऐवजही कमी. बहिणीच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर नाही.

पण सोनोग्राफीला सगळं दिसतं असंही नाही. दुधाच्या नळ्यांमध्येच असलेला सुरुवातीचा कॅन्सर बऱ्याचदा चुन्याच्या बारीक कणांच्या रूपातच कळतो, ते मॅमोग्रामवर दिसतात, इथे सहसा नाही, तिथे आधी मॅमोग्राम बघत आत बारीक वायर किंवा तशी एखादी खूण टाकून तिच्या मागोमाग जावं लागतं. केमोने गाठ विरघळली तर शोधणार काय, म्हणून आधीच आत छोटी धातूची क्लिप सोडून ठेवतात. आणि "रेडिएशन नको, दाबणं नको, फक्त उष्णतेचा फोटो काढा" असं म्हणून थर्मोग्राफी विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, मॅमोग्रामच्या जागी ती चालत नाही.

सगळ्यात मला आवडलेली गोष्ट शेवटची. तुकडा बाहेर काढला की त्याला कुठली बाजू वर, कुठली आत हे कळायला टाके घालतात आणि मग तो सलाईनच्या भांड्यात ठेवून त्याचीच सोनोग्राफी करतात. चहूबाजूंनी मार्जिन आहे का ते दिसतं, आणि एखाद्या बाजूला काळी गाठ कडेला आलेली दिसली तर फक्त त्याच भिंतीची आणखी एक पातळ चकती कापून घेतात, बाई अजून भुलीतच असते.