फियान्से व्हिसा की स्पाउस व्हिसा? तारीख धरण्याआधी ठरवा

अमेरिकेच्या नागरिकाशी लग्न ठरलं की घरात आधी तारीख आणि हॉल यांची बोलणी सुरू होतात, व्हिसाचा विषय मागाहून निघतो. हा क्रम उलटा हवा. कोणत्या व्हिसाचा अर्ज करता येईल हे लग्न लागलंय की लागायचंय यावरच ठरतं. लागायचं असेल तर के-१, म्हणजे फियान्से व्हिसा. लागलं असेल तर सीआर-१ किंवा आयआर-१, म्हणजे स्पाउस व्हिसा. दोन्ही वाटा शेवटी ग्रीन कार्डापर्यंत जातात. भारतातल्या अर्जदारांची मुलाखत दोन्हींसाठी मुंबईच्या वकिलातीत होते. वैद्यकीय तपासणी, पोलिस क्लिअरन्स आणि नातं खरं असल्याचे पुरावे दोन्हीकडे लागतात. म्हणून लोक त्यांना एकाच गोष्टीचे दोन प्रकार समजतात आणि फक्त "लवकर कुठला मिळतो?" एवढंच विचारतात.

माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. थांबावं दोन्हीकडे लागतंच. ते थांबणं कुठे झेपेल याचा विचार आधी करायला हवा. स्पाउस व्हिसात दोघं दोन देशांत थांबतात, पण अमेरिकेत उतरल्या दिवसापासून हक्काने राहता येतं. फियान्से व्हिसात एकत्र लवकर येता येतं, पण पुढचे कित्येक महिने नोकरी करता येत नाही आणि देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

के-१ची रचना समजून घेतली की हे उलगडतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात तो १९७० साली आला, आणि नोंदीला तो आजही नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा नसलेला, व्हिसा आहे. अमेरिकन नागरिक आय-१२९एफ हा फॉर्म भरतो, मंजुरीनंतर मुलाखत होते आणि व्हिसा मिळतो. त्यावर एकदाच प्रवेश करता येतो. उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न करायचं, आणि तेही ज्याने अर्ज केला त्याच माणसाशी. लग्न झालं की खरं काम सुरू होतं: आय-४८५ भरून ग्रीन कार्डाचा वेगळा अर्ज. नातं मोडलं, तर दुसऱ्या कुणाशी लग्न करून तिथेच ग्रीन कार्ड मागता येत नाही. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावरही जाता येत नाही. परत यावं लागतं.

स्पाउस व्हिसात लग्न आधी होतं, मग नागरिक आय-१३० भरतो. यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, तो मंजूर केला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे कागदपत्रं आणि आर्थिक हमी तपासली जाते आणि मग मुलाखतीची तारीख येते. हा इमिग्रंट व्हिसा आहे. विमानतळावर शिक्का बसला की तुम्ही त्या क्षणापासून कायम रहिवासी. प्लास्टिकचं कार्ड नंतर टपालाने येतं, पण पासपोर्टमधला शिक्का मारलेला व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. दुसऱ्या दिवशी नोकरीला लागता येतं, पुढच्या महिन्यात आईवडिलांना भेटायला येता येतं.

के-१वाल्यांच्या वाट्याला येणाऱ्या आय-४८५च्या काळाबद्दल पुरेसं बोललं जात नाही, म्हणून तिथे जरा थांबते. आय-४८५ भरल्यावर वर्क परमिटसाठी आय-७६५ आणि प्रवासाच्या परवानगीसाठी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स पॅरोलसाठी, आय-१३१ भरता येतो. दोन्ही हातात पडायला महिने लागतात. तोवर पगार नाही. अ‍ॅडव्हान्स पॅरोल नसताना देश सोडला, तर ग्रीन कार्डाचा अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. इकडे वडील आयसीयूत असतील तरी नियम तोच. तातडीच्या कारणासाठी परवानगी लवकर मागता येते, पण ती मिळेलच याची खात्री नसते. इथे दहा वर्षं नोकरी केलेली, स्वतःच्या पैशावर उभी असलेली मुलगी तिथे गेल्यावर बसच्या पाससाठीही नवऱ्याकडे पैसे मागायची वेळ येऊ शकते. नवरा कितीही भला असला तरी नव्या संसारात हा काळ जड जातो. लग्न ठरवतानाच दोघांनी यावर स्पष्ट बोलून घ्यावं. म्हणून फियान्से व्हिसाचा वेळ मोजताना व्हिसा हातात येईपर्यंतचे महिने धरून भागत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंतचे सगळे महिने धरावे लागतात. एवढं धरलं की "लवकर" हा त्याचा फायदा बराच आटतो.

नागरिकत्वाच्या हिशेबातही फरक पडतो. अमेरिकन नागरिकाबरोबर लग्न टिकून, एकत्र राहत असल्यास कायम रहिवासी झाल्यापासून ३ वर्षांनी नागरिकत्वासाठी पात्र होता येतं. स्पाउस व्हिसावाल्यांची ही ३ वर्षं विमानतळावरच मोजायला सुरुवात होते. के-१वाल्यांची सुरुवात होते आय-४८५ मंजूर झाल्या दिवशी.

पैशाचं थोडक्यात सांगते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनी आय-१२९एफला ६७५ डॉलर, के-१ व्हिसाला २६५ आणि आय-४८५ला १,४४० डॉलर पडतात, म्हणजे २,३८० डॉलर. वर्क परमिट आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोल यांचे वेगळे. स्पाउस व्हिसात कागदावर भरलेल्या आय-१३०चे ६७५ (ऑनलाइन ६२५), व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीच्या छाननीचे १२० आणि इमिग्रंट फीचे २३५ डॉलर, एकूण १,३५५. वैद्यकीय तपासणी दोन्हींत निराळी. दर बदलत राहतात, तेव्हा भरण्याच्या दिवशी यूएससीआयएसचा आणि परराष्ट्र खात्याचा तक्ता बघावा. दोन्ही वाटांतलं अंतर मात्र किरकोळ नाही.

उत्पन्नाच्या अटीत एक खाच आहे. के-१च्या मुलाखतीला आय-१३४ हा हमीचा फॉर्म लागतो आणि साधारणपणे सरकारी दारिद्र्यरेषेच्या १०० टक्के उत्पन्न पुरतं. आय-४८५ भरताना मात्र आय-८६४ हा हमीचा दुसरा फॉर्म लागतो आणि तिथे अट १२५ टक्क्यांची आहे. ज्याचं उत्पन्न या दोन आकड्यांच्या मध्ये आहे, तो मुलाखतीत पार होतो आणि लग्नानंतर अडकतो. तेव्हा संयुक्त हमीदार शोधायची धावपळ होते. स्पाउस व्हिसात हा १२५ टक्क्यांचा प्रश्न आधीच, व्हिसा मिळण्यापूर्वीच सुटतो. आणि आय-८६४वर सही करणाऱ्यानेही हे नीट वाचावं: घटस्फोट झाला तरी ती जबाबदारी संपत नाही.

आता सगळ्यांत मोठा गोंधळ. तो होतो अर्धवट लग्नांचा. "घरच्या घरी विधी उरकून घेऊ, रजिस्टर करायचं नाही, म्हणजे कागदावर अविवाहितच. मग फियान्से व्हिसा काढू." हा सल्ला नातेवाईक अगदी चांगल्या मनाने देतात. लग्न वैध आहे का हे अमेरिका ते जिथे लागलं तिथल्या कायद्याने ठरवते. दोघंही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायदा, १९५५ म्हणतो की रीतीप्रमाणे विधी झाले, आणि त्यांत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं, की लग्न पूर्ण. नोंदणी केली नाही म्हणून ते लग्न अवैध ठरत नाही. म्हणजे कायद्याने तुम्ही नवरा-बायको आहात आणि के-१ फक्त अविवाहितांसाठी आहे. मुलाखतीत अधिकाऱ्याच्या हाती मुंडावळ्या बांधलेले फोटो पडले, की प्रकरण परत जाऊ शकतं आणि आय-१३०पासून पुन्हा सुरुवात करावी लागते. साखरपुडा मात्र निःशंक करा. त्याचे फोटो उलट नात्याचा चांगला पुरावा ठरतात.

याची दुसरी बाजूही आहे. दोघांपैकी एक हिंदू नसेल, तर नुसत्या वैदिक विधींनी हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न होत नाही. अशा जोडप्यांना भारतात सहसा विशेष विवाह कायदा, १९५४ लागतो. त्यात दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. परदेशी जोडीदार दोन आठवड्यांच्या रजेवर येऊन, मांडवात बसून परत जातो आणि स्पाउस व्हिसासाठी लागणारा दाखलाच हाती नसतो, असं होऊ शकतं. विधी हवेतच, पण कायदेशीर लग्न कुठल्या कायद्याखाली लावायचं ते विमानाची तिकिटं काढण्याआधी ठरवा. व्हिडिओ कॉलवर लागलेल्या लग्नाबद्दलही लोक विचारतात. लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांसमोर नसतील, तर त्यानंतर प्रत्यक्ष भेटून सहजीवन सुरू झाल्याशिवाय अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा त्या जोडप्याला नवरा-बायको मानत नाही.

अर्ज कोण करू शकतो हेही इथेच सांगायला हवं. के-१ फक्त अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदाराला मिळतो. ग्रीन कार्डधारकाला ती सोय नाही. त्याने लग्न करून आय-१३० भरायचा आणि एफ२ए या वार्षिक मर्यादा असलेल्या वर्गात रांग धरायची. एच-१बीवर असलेल्याच्या बायकोसाठी एच-४ आहे, तिला या दोन्ही व्हिसांशी कर्तव्य नाही. के-१साठी आणखी एक अट म्हणजे अर्जाआधीच्या २ वर्षांत दोघांची किमान एकदा प्रत्यक्ष भेट झालेली असावी. पक्की जुनी रूढी किंवा अतिशय कठीण परिस्थिती असेल तर सूट मागता येते, पण तिच्या भरवशावर बसू नये. आणि टूरिस्ट व्हिसावर जाऊन "तिथेच लग्न करून राहू" असं मनात ठेवून विमानात बसणं हा मार्ग नाही. हेतू लपवून प्रवेश केल्याचं सिद्ध झालं तर कायमची बंदी येऊ शकते.

सीआर आणि आयआर या अक्षरांनी घाबरून जायचं कारण नाही. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला २ वर्षं पूर्ण झाली असतील तर आयआर-१ आणि १० वर्षांचं कार्ड. झाली नसतील तर सीआर-१ आणि २ वर्षांचं सशर्त कार्ड. मुलाखतीचा दिवस इथे धरत नाहीत. तेव्हा लग्नाचा दुसरा वाढदिवस तोंडावर आला असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर प्रवास थोडा पुढे ढकलणं शहाणपणाचं. सशर्त कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत कार्डावरची अट काढून घेण्यासाठी दोघांनी मिळून आय-७५१ भरावा लागतो. के-१ने गेलेल्यांनाही बहुतेक वेळा हेच सशर्त कार्ड मिळतं, त्यामुळे या बाबतीत त्यांची सुटका नाही.

इतकं सगळं असूनही के-१ कधी निवडावा? ज्या जोडप्यांना आपल्या देशात लग्नच करता येत नाही, त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. २०१३ पासून अमेरिकेचं केंद्र सरकार समलिंगी विवाह मानतं. भारतात मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता द्यायला नकार दिला. तिसऱ्या देशात जाऊन लग्न करणं शक्य नसेल, तर के-१ हाच सरळ रस्ता. दुसरा प्रसंग आधीच्या लग्नातल्या मुलाचा. स्पाउस व्हिसात सावत्र मूल म्हणून अर्ज करायचा तर हे नवं लग्न मुलाच्या १८व्या वाढदिवसाआधी लागलेलं असावं लागतं, आणि प्रत्येक मुलाचा आय-१३० वेगळा. फियान्से व्हिसात २१ वर्षांखालचं अविवाहित मूल के-२वर आईबरोबर जाऊ शकतं. मुलगा एकोणीस वर्षांचा असेल तर हा एकच मुद्दा सगळा हिशेब फिरवतो. बाकी ज्यांना लग्न करणं शक्य आहे, त्यांना मी स्पाउस व्हिसाच सुचवेन.

शेवटी घरच्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं असं काही. २००५च्या एका कायद्यामुळे के-१ देताना अर्जदार नागरिकाच्या काही विशिष्ट गुन्ह्यांची माहिती आणि स्वतःच्या हक्कांची पुस्तिका वकिलातीने मुलीला द्यायची असते. ती मागून घ्या आणि वाचा. सशर्त कार्डावर असताना छळ झाला किंवा घटस्फोट झाला, तर आय-७५१ नवऱ्याच्या सहीशिवाय, एकटीने भरता येतो. कार्ड यायच्या आधीच छळ सुरू झाला असेल, तर नागरिक नवऱ्याशी खरं लग्न झालेल्या बायकोला ग्रीन कार्डासाठी आय-३६० हा फॉर्म नवऱ्याशिवाय स्वतः भरता येतो आणि त्याची माहिती नवऱ्याला दिली जात नाही. के-१वर उतरलेल्या पण अजून लग्न न लागलेल्या मुलीला हा फॉर्म भरता येत नाही. त्या ९० दिवसांत काही खटकलं, तर तिच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे आणि पासपोर्ट तिच्या स्वतःच्या ताब्यात असायला हवेत.