स्टेज फोर म्हटलं की "किती दिवस?" याच्या पुढचंही विचारा

आईबाबांपैकी कुणाचातरी पेट स्कॅन येतो, त्यात मेटास्टॅसिस लिहिलेलं असतं, म्हणजे कॅन्सर मूळ जागेवरून शरीरात दुसरीकडे पसरलाय, स्टेज फोर, आणि मग घरात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न, जो पेशंटसमोर कोणीच काढत नाही, किती दिवस? आम्ही भावंडांनी पण डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून हेच विचारलं होतं.

उत्तरात जो आकडा मिळतो ना, तो बहुतेक वेळा मीडियन असतो. म्हणजे तोच आजार असलेले पेशंट, कमी जगलेला आधी, असे ओळीने लावले तर मधोमध जो येईल त्याचे महिने. निम्मे त्याच्या आधी जातात, निम्मे त्याच्या पुढे जगतात आणि त्यातले काही तर खूपच पुढे. तुमच्या बाबांची मुदत नाही ती. शिवाय हे आकडे काही वर्षांपूर्वी ट्रीटमेंट घेतलेल्यांचे, मधल्या काळात औषधं बदललीयत.

डॉक्टर बघतात ते वेगळंच. कॅन्सर मुळात कुठला? फुप्फुसातला कॅन्सर मणक्यात गेला तरी तो हाडाचा कॅन्सर होत नाही, त्या पेशी फुप्फुसाच्याच असतात, त्यामुळे औषधंपण फुप्फुसाच्या कॅन्सरचीच. मग बायोप्सीच्या तुकड्यावर जीनची टेस्ट. ईजीएफआर या जीनमध्ये ठराविक बिघाड निघाला तर कितीतरी पेशंटना सुरुवातीला रोजची एक गोळी देता येते, आजार महिनोन्‌महिने दबून राहतो, पण बहुतेकांत पुढे पेशी त्या गोळीला दाद देईनाशा होतात, हेही आधीच माहिती असलेलं बरं. आणि पेशंट जागेपणीचा किती वेळ पलंगावर असतो, अंघोळ स्वतःची स्वतः करतो का, हे डॉक्टर उगाच विचारत नाहीत, त्यावरून किमो झेपेल का ते ठरतं.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. पॅलिएटिव्ह, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करणारी ट्रीटमेंट, म्हटलं की आपल्याकडे "आता काही उरलं नाही" असं धरतात. 2010 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 पेशंटचा अभ्यास छापला. काहींना नेहमीची ट्रीटमेंट, काहींना त्यासोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटात डिप्रेशन कमी, शेवटी शेवटी किमोचा मारा कमी, आणि तरी मीडियन 8.9 च्या जागी 11.6 महिने! म्हणजे त्रास कमी करायला घेतला म्हणून आयुष्य कमी झालं नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर 1997 पासून हेच काम मोफत करतंय, ट्रीटमेंट चालू असतानाही जाता येतं, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायची काही गरज नाही.

मॉर्फिन या दुखणं कमी करणाऱ्या औषधाचीही अशीच भीती. नीट डोस ठरवून दिलं तर कॅन्सरच्या दुखण्यात व्यसन लागणं क्वचितच होतं, बद्धकोष्ठता मात्र हमखास, म्हणून पोट साफ व्हायचं औषध त्यासोबतच लिहून घ्या. 2014 मध्ये कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलंय, तेव्हा बाबा रात्रभर कण्हत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सकाळी फोन करा.