ग्रामसभा गेली, अर्ज उरला : कोकणातल्या छोट्या शहरांत तक्रारीचं काय होत गेलं

गुहागर किंवा देवगड-जामसंडे नगरपंचायत झाली तेव्हा लोकांना वाटलं की आता गाव शहर झालं, निधी येणार, रस्ते होणार, आणि त्यातलं बरंच झालंही, पण त्याच दिवशी एक गोष्ट हातातून गेली आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. ती म्हणजे ग्रामसभा.

थोडं मागे जाऊया. आपल्याकडे घरं वाड्यांमध्ये विखुरलेली, जवळपास प्रत्येक घराची किंवा वाडीची विहीर, मध्ये पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, चालायला पाखाड्या म्हणजे जांभ्या दगडाच्या पायवाटा. पावसाआधी पऱ्या साफ करायचा, विहीर उपसायची, पाखाडीचा निखळलेला चिरा बसवायचा, हे सगळं गावकीत, म्हणजे गावातल्या जुन्या बैठकीत, ठरायचं आणि वाडीची माणसंच करायची. तक्रार ऑफिसात न्यायची नसायची, कारण काम आपलंच होतं. हे चित्र फार गोड करून सांगायला नको, गावकीत मानकऱ्यांचा शब्द चालायचा, बायकांना आणि खालच्या मानलेल्या जातींना तिथे बोलायची जागा नव्हती, आणि त्यांच्या वाटेला कुठली विहीर यायची ते आपल्याला माहीतच आहे.

इंग्रजांच्या काळात मोठ्या बंदरांच्या गावी म्युनिसिपालट्या आल्या, रत्नागिरीची 1876 मधली. 1882 ला लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, 1884 च्या कायद्याने निवडून आलेले सभासद वाढले, पण मत होतं ते कर भरणाऱ्या थोड्याच लोकांना. म्हणजे गटार तुंबलं की बोलायचा हक्क कोणाला, हे घरपट्टीवरून ठरायचं. सगळ्या प्रौढांना मत मिळालं ते स्वातंत्र्यानंतर.

मग दोन वेगळे कायदे झाले आणि खरी वाट इथे फुटली. गावांसाठी 1958 चा ग्रामपंचायत कायदा, शहरांसाठी 1965 चा नगरपरिषद कायदा. गावात ग्रामसभा आहे, म्हणजे मतदार यादीत नाव असलेला कोणीही शाळेच्या वर्गात उभा राहून सरपंचांना विचारू शकतो की आमच्या वाडीचा नळ कधीपासून कोरडा आहे आणि का. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत बोलतात ते नगरसेवक. 1993 ला 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा वॉर्ड समित्या आल्या खऱ्या, पण सक्ती फक्त 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहर 80 हजारांच्याही आत, मालवण 20 हजारांच्या आत, वेंगुर्ला त्याहून लहान. म्हणजे किनाऱ्यावरची आपली शहरं त्यातून बाहेरच राहिली. हजार-दोन हजार वस्तीच्या गावाला जो हक्क आहे तो मालवणच्या माणसाला नाही, हे मला आजही पटत नाही.

मग उरला अर्ज. आवक-जावकला द्यायचा, शिक्का मारलेली पोच घ्यायची. त्यातही तक्रार नेमकी कोणाची हा घोळ असतो, कारण वर्षानुवर्षं कामं वेगवेगळ्या खात्यांत वाटली गेलीत. पथदिवा नगरपरिषदेचा पण लाइन महावितरणची (2005 ला वीज मंडळाचे भाग झाले त्यातली ही कंपनी), नळपाणी योजना बहुतेक वेळा जीवन प्राधिकरणाने (राज्य सरकारची पाणीपुरवठ्याची संस्था) बांधलेली पण चालवायची नगरपरिषदेने, रस्ता कधी पालिकेचा कधी बांधकाम खात्याचा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा पोल आडवे पडले, वीज गेली म्हणून नळाचे पंप बंद, आणि लोक पाण्यासाठी पालिकेला फोन करत होते, पालिका विजेकडे बोट दाखवत होती, जे खोटंही नव्हतं.

2015 ला सेवा हक्क कायदा आला, तेव्हा खूप जणांना वाटलं की आता गटारसुद्धा मुदतीत साफ होईल. पण त्यात येतात त्या अधिसूचित सेवा, म्हणजे जन्म-मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, नवीन नळजोडणी वगैरे. त्या वेळेत नाही दिल्या तर अपील आहे, अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. नळजोडणी मुदतीत मिळेल, पण त्या नळाला एप्रिलमध्ये पाणी आलं नाही तर ती साधी तक्रार. तिच्यासाठी सरकारचं ‘आपले सरकार’ हे ऑनलाइन पोर्टल आहे, अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडायचा लोकशाही दिन आहे, माहिती अधिकार आहे, आणि माझ्या अनुभवात जुनी पोच जोडून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की फाइल हलते. आमच्या वळणावरचा दिवा असाच लागला, सात महिन्यांनी.

त्यात रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा ठिकाणी 2016 ला निवडून आलेल्यांची मुदत 2021 च्या शेवटी संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, म्हणजे ज्याला रस्त्यात गाठून सांगायचं तो नगरसेवकच नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या. आता नव्या लोकांकडे माझं एकच मागणं आहे, कायद्याची सक्ती नसली तरी दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, वॉर्डातल्या शाळेत एक संध्याकाळ बसा, पाणीखात्याच्या आणि आरोग्यखात्याच्या माणसाला सोबत आणा, आणि कुठला पऱ्या कुठे तुंबतो ते तिथल्या बायकांकडून लिहून घ्या.