पार्श्वभूमी : एकोणीस वर्षे आणि दोन खेपा

विदर्भातील खेड्यांत गरोदरपणातील तपासणी अपुरी राहते, तेव्हा अज्ञान, अंतर आणि गरिबी ही कारणे सांगितली जातात. तिन्ही खरी आहेत. मात्र मदतीला जोडलेल्या अटींनीही काही बायकांना दवाखान्यापासून दूर ठेवले, आणि ही बाजू फारशी मांडली जात नाही.

लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० चा, अंगणवाडी १९७५ ची. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा राज्यभर झाली, तरी लक्ष मुख्यतः बाळाच्या वजनावर राहिले. त्याच्या आईच्या रक्ताकडे ते उशिरा वळले.

खरा पेच २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने निर्माण केला. ज्या राज्यांत दवाखान्यातील बाळंतपणे कमी होती, तेथे सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला या योजनेची रोख मदत होती. महाराष्ट्र मात्र पुढारलेला ठरला. परिणामी येथे दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियाच पात्र झाल्या, त्यातही वय १९ पूर्ण असलेल्या आणि पहिल्या दोन बाळंतपणांपुरत्या. मेळघाटातील धारणी आणि गडचिरोलीतील भामरागड हे दुर्गम आदिवासी तालुके पुण्या-मुंबईच्या सरासरीत मोजले गेले. लवकर लग्ने आणि जास्त मुले यांना उत्तेजन मिळू नये, हा अटीमागचा युक्तिवाद होता. तो ऐकायला रास्त वाटतो. पण सतराव्या वर्षी दिवस गेलेली मुलगी आणि चौथ्या खेपेची बाई याच सर्वाधिक जोखमीच्या. पहिलीला रक्तदाब वाढण्याचा व झटके येण्याचा धोका जास्त, दुसरीला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. ज्यांना आधी बोलवायचे, त्यांनाच योजनेने वगळले.

२०१० मध्ये मातृत्व साहाय्याची प्रायोगिक योजना अमरावती आणि भंडारा जिल्ह्यांत आली, तीही याच दोन अटी घेऊन. जननी सुरक्षेतील अटी मे २०१३ मध्ये काढण्यात आल्या. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा कायद्याने खेपांची मर्यादा न घालता गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. तरीही २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या अपत्यापुरतीच आणि ५,००० रुपयांची निघाली.

ही रक्कम किरकोळ वाटत असेल, तर वेचणीचा हंगाम पाहावा. कमरेला ओटी बांधून बाई दिवसभर कापूस वेचते आणि संध्याकाळी काट्यावर जितके किलो भरेल तितकी मजुरी घेते. तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर गाडीभाडे. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते, शौच काळी होते, पोटातले बाळ वाढून बाळंतपण अडेल अशी सासूला भीती असते. मग पाकीट फडताळात तसेच राहते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की गरोदरपणात रक्तक्षय धरतात आणि सातच्या खाली तो गंभीर असतो. पूर्व विदर्भात त्यामागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही असू शकतो, तेथे नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

अठरा वर्षांखालील मुलीची अडचण आणखी वाढली आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार दवाखान्याला पोलिसांना कळवावेच लागते, म्हणून घरचे लोक नावनोंदणीच टाळतात. २०२२ पासून मातृवंदनेत दुसरे अपत्यही बसते, पण ते मुलगी असेल तरच. तिसऱ्या खेपेची बाई या योजनेच्या अजूनही बाहेर आहे.