उलट्या डोळ्याचा बेडूक आणि मेंदूतले रासायनिक पत्ते

माणसाच्या प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० लाख चेतातंतू मेंदूकडे जातात. दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर) शेजारी असलेले तंतू मेंदूतही शेजारीच टेकतात, म्हणून चित्र विस्कटत नाही. ही वाट त्यांना कोण दाखवतं?

१८९० मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या तंतूच्या टोकाशी शंकूसारखा फुगवटा दिसला. पाहिल्या त्या मृत, रंगवलेल्या पेशी. तरीही हे टोक वाट चाचपडत जात असणार आणि रसायनांच्या ओढीने दिशा धरत असणार, असा तर्क त्यांनी मांडला. तो बराच काळ मागे पडला. शिकागोचे पॉल वाइस यांच्या मते तंतू कसेही जोडले जात आणि काम कोणतं करायचं ते नंतर ठरे.

वाइस यांचेच विद्यार्थी रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात हे मत मोडून काढलं. त्यांनी पाणसरडे आणि बेडूक यांची दृक्चेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची जुडी, कापली आणि डोळा १८० अंशांनी फिरवला. उभयचरांत ही चेता पुन्हा वाढते. ती वाढली, नजर परतली, पण उलटी. माशी वर दिसली की बेडूक खाली झेप घेई. ही चूक कधीच सुधारली नाही. म्हणजे प्रत्येक तंतू आपल्या जुन्या जागीच परतला होता, सवयीचा त्याच्याशी संबंध नव्हता. मला हा प्रयोग आजही थक्क करतो. १९६३ मध्ये स्पेरींनी सुचवलं की प्रत्येक तंतूला वेगळी खूण लागत नाही. चढत्या-उतरत्या प्रमाणातली मोजकी रसायनं पुरतात.

पण ती रसायनं कोणती? जर्मनीत ट्युबिंगनला फ्रीडरिश बोनहोफर यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये कोंबडीच्या मेंदूतल्या टेक्टम या, डोळ्याचे तंतू जिथे टेकतात त्या भागाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या पेशीपटलांचे बारीक पट्टे आलटून पालटून अंथरले. दृष्टिपटलाच्या कानशिलाकडच्या भागातले तंतू पुढच्या बाजूच्या पट्ट्यांवरूनच वाढले. मागच्या पट्ट्यांत ओढ नव्हती, उलट तंतूंना परतवून लावणारं काहीतरी होतं. १९९५ मध्ये ते हाती लागलं: बोनहोफर यांच्या गटाला एक प्रथिन आणि हार्वर्डच्या जॉन फ्लॅनगन यांच्या गटाला त्याच कुळातलं दुसरं. आज त्यांना इफ्रिन म्हणतात. टेक्टमच्या मागच्या टोकाकडे इफ्रिन वाढत जातं. कानशिलाकडच्या तंतूंवर त्याचे ग्राहक (ते ओळखणारी प्रथिनं) जास्त, म्हणून ते पुढेच थांबतात.

२००३ मध्ये उंदरांत दिसलं की कोणता तंतू मेंदूच्या दुसऱ्या बाजूला ओलांडणार आणि कोणता त्याच बाजूला वळणार, हेही याच कुळातलं एक प्रथिन ठरवतं. अर्थात इफ्रिनमुळे नकाशा ढोबळ बसतो. डोळे उघडण्याआधीच दृष्टिपटलात उठणाऱ्या विद्युत लहरी तो रेखीव करतात.

सस्तन प्राण्यांची दृक्चेता मात्र आपणहून पुन्हा वाढत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, त्याचं हेही एक कारण. १९८० च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये आल्बर्ट अगुआयो यांच्या गटाने उंदरांच्या डोळ्यामागे पायातल्या चेतेचा तुकडा जोडला, तेव्हा त्यातून थोडे तंतू मेंदूपर्यंत पोहोचले आणि तिथे जोडणीही झाली.